एका दारामागची माणसं

माझी धाकटी जाऊ घरोघर फिरून विजेचे मीटर वाचते. मतदारसंघांच्या नव्या सीमांचा कच्चा नकाशा कचेरीत लागला, तो पाहून ती तणतणतच घरी आली.

"जाऊबाई, आपल्या टेकडीचे पुन्हा तीन तुकडे!"

मी शिवणाचं मशीन थांबवलं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आम्ही तर वीस वर्षं तीन घरचे. ओढ्यावर पूल मागायला गेलं की तिन्ही निवडून आलेले एकमेकांकडे बोट दाखवत.

टेकडीची लोकसंख्या छापली होती नऊशे. एवढीशी वस्ती, म्हणून शेजारच्या तीन मतदारसंघांत वाटून टाकली. नऊशे! तेवढे तर सकाळी आमच्या नळावर भांडतात. घोळ जावेनं ओळखला. गणनेवाल्यांनी रस्त्यावरची दारं मोजली होती, एका दाराला एक कुटुंब धरून. आमच्याकडे एका दारातून जिना चढतो आणि वर आठ बिऱ्हाडं असतात. प्रत्येक जिन्याखाली ती आठ मीटर वाचते, तिला नाही कळणार तर कुणाला?

हरकतींच्या सुनावणीत तिनं मीटरांची यादी पुढे ठेवली. सीमा-अधिकारी म्हणाले, "बाई, मीटर म्हणजे माणसं नव्हेत."

"मग माणसं मोजायला या. रविवारी सगळे घरी असतात."

हिच्या जिभेला हाड नाही, हे मी तिच्या लग्नापासून भोगतेय. त्या दिवशी मात्र मला तिचा अभिमान वाटला.

साहेब खरंच आले. सुरुवात आमच्याच दारापासून झाली. जावेनं जिन्यात हाक मारली आणि माणसं उतरू लागली: न्हावी, त्याच्या तीन मुली, अर्धी दाढी केलेला ड्रायव्हर, दोन काखांत जुळी घेतलेला सुतार. गल्ली भरली. साहेब सरकत सरकत समोरच्या भिंतीला टेकले.

"संपले?"

"हा पहिला मजला, साहेब."

एक्केचाळीस झाले. "सासूबाई राहिल्या," मी म्हणाले. "त्यांना चालता येत नाही. लिहून टाका."

"पाहिल्याशिवाय लिहीत नाही," म्हणत ते चार मजले चढले.

सासूबाईंनी घाईघाईनं केस सारखे केले. "काय काम काढलंत?"

"आजी, तुम्हाला मोजायला आलोय."

"मला? अहो, मी चार वर्षांत खाली उतरले नाही. मला कशात धरणार?"

"पूर्ण एक," साहेब म्हणाले आणि त्यांनी बेचाळीस लिहिलं. माझे डोळे भरून आले.

पुढे सगळी टेकडी मोजली गेली. सात हजारांच्या वर! पक्क्या नकाशात ती अख्खी एकाच मतदारसंघात आली. इतकी एकगठ्ठा मतं कोण सोडणार?

निवडणूक लागली आणि पहिल्याच आठवड्यात पाच उमेदवार धापा टाकत आमच्या चौथ्या मजल्यावर पोहोचले. हात जोडून दारात एकमेकांना ढकलत होते.

सासूबाई उशीला टेकून बसल्या. "रांगेनं या," त्या म्हणाल्या, "आणि आधी पुलाचं बोला."