नववी कुमारिका

त्या अष्टमीला आईचा पाच वर्षांचा नेम पूर्ण व्हायचा होता. नऊ कुमारिका जेवल्याशिवाय ती पाणी घेणार नव्हती. आठ जणी आल्या, नववीला ताप आला. दुपार कलली तसा आईचा चेहरा सुकत गेला. मी तिसरीत होते. धावत जाऊन माझ्या बाकावरच्या प्रेमिलाला घेऊन आले.

"माय रागावन," ती वाटेत म्हणाली. "आम्ही देवीचं करत नाही."

"जेवाचंच तर आहे वं. खीर आहे."

आईने काही विचारलं नाही. परातीत प्रेमिलाचे पाय धुतले, पदराने पुसले, कुंकू लावलं, गजरा माळला आणि तिच्या पायांवर डोकं टेकलं.

"गुदगुल्या होऊन राहिल्या!" प्रेमिला खिदळली. साऱ्या पोरी हसल्या. आईसुद्धा हसली.

पंगत बसली, तेवढ्यात शेजारच्या तुळसाबाई आल्या. "ही कोणाची वं?"

"रुपरावची. फाटकापलीकडे राहतो आम्ही."

"देव कोणता आहे तुमच्या घरी?"

"देव नाही. बुद्धाचा फोटो आहे," तोंडातला घास गिळून प्रेमिला म्हणाली.

"अवं कौसल्या! पाय धुतले तू हिचे?"

आईचा वाढता हात थांबला. ती कधी आवाज चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही. "गोपिका, तुले माहीत होतं?"

मला माहीत होतं. तिच्या घरचं पाणी मी कितीदा प्यायले होते. पण आठही पोरी माझ्याकडे बघत होत्या.

"नाही. तीच मागे लागली, मी येते म्हणून."

प्रेमिलाने माझ्याकडे पाहिलं.

"ऊठ बाई," आई हळूच म्हणाली. "पत्रावळ नेऊन टाक."

तुळसाबाईंनी शेणाची बादली पुढे सरकवली. प्रेमिला उकिडवी बसली आणि आपल्या जेवणाची जागा तिने नीट सारवली, कडेकडेने, घरी सारवत असेल तशी. मग हात धुवायला पाणी कुठे घ्यावं ते तिला कळेना. शेणाचे हात अंगापासून दूर धरून तिने विचारलं, "गजरा ठेवू का काढू?"

तुळसाबाईंनी बादली उचलून नेली. ती तशीच गेली.

आईने पुन्हा अंघोळ केली. तोवर गावाहून परतलेली तुळसाबाईंची नात नववी म्हणून बसली. संध्याकाळी आरती झाल्यावर आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "माझं लेकरू भोळं, फसलं बिचारं." मी तो हात तसाच फिरू दिला.

दसऱ्यानंतर शाळा भरली. मी बाकावर बसले तशी प्रेमिला सरकली. मी जवळ गेले, ती आणखी सरकली. रागाने नाही. मोठी माणसं आली की जागा करून देतात, तशी. बाक संपला तेव्हा दप्तर घेऊन ती खाली फरशीवर जाऊन बसली.

गुरुजींनी हजेरी घेतली. तिचं नाव आलं, ती खालूनच "हजर" म्हणाली. काहून खाली बसली, ते त्यांनी विचारलं नाही.