डोरीनची सबंध ओळ

डोरीन थ्वेटने टीव्हीला जोडायच्या घरच्या कॉम्प्युटरवर लिहायचा प्रोग्रॅम केला, त्यातली अक्षरं इतकी बारीक होती की इंग्लंडातल्या हॅलिफॅक्स गावच्या चष्मेवाल्यांनी आनंदाने दुकानं रंगवून घेतली. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, रंग अजून आहे.

त्या यंत्राची मूळची अक्षरं आठ ठिपके रुंद. टीव्हीच्या पडद्यावर एका ओळीत बत्तीसच मावायची; पाच-सहा शब्द झाले की ओळ खलास. गिरणीत जन्मभर भरपूर पन्ह्याचं कापड नजरेखालून घातलेल्या डोरीनला ते बघवेना.

"रुमाल विणतोय का आपण?" म्हणत तिने एकेक अक्षर चार ठिपक्यांत कोंबलं. बिचाऱ्या 'एम'ने पोट आत घेतलं ते कायमचंच. पण ओळीत चौसष्ट अक्षरं बसली.

शनिवारी दुपारी चॅपेलच्या हॉलमध्ये कॉम्प्युटर क्लबचं प्रदर्शन होतं. अध्यक्ष क्लिफर्ड हेन्शॉचं टीव्हीचं दुकान. त्याचा भलामोठा रंगीत टीव्ही मधल्या टेबलावर, आणि जे दाखवायचं ते त्याच्यावरच, हा नियम. त्यावर डोरीनची अक्षरं फिसकटली; कडांना लाल-हिरवी झालर आली.

"डोरीनबाई, ही ओळ म्हणायची की मुंग्यांची मिरवणूक?" क्लिफर्ड म्हणाला. हॉल खदखदला. "अक्षरं रुंद करा, ओळ अर्धी करा, मग टेबलावर राहा. नाहीतर प्रोग्रॅमची कॅसेट उचला."

"कॅसेट उचलते. ओळ कापणार नाही," डोरीन म्हणाली. "दोष तुमच्या रंगांचा आहे. माझ्या काळ्या-पांढऱ्या सेटवर अक्षर कसं सुईसारखं उभं राहतं."

घरी त्याच सेटवर तिचा नवरा विल्फ रग्बी बघत बसला होता.

"मॅच तर संपू दे गं."

"हरणारच आहेत तुझे."

"तुला काय माहीत?"

"तू बघतोयस ना, म्हणून."

तिने प्लग उपटला. दोघांनी सेट कोळशाच्या हातगाड्यावर चढवला. चॅपेलचा चढ असा की गाडा मागेच घसरायचा. वाटेत त्यांना स्वतःचं घर दोनदा लागलं.

"टेबल रंगीत सेटसाठी आहे," क्लिफर्डने दारातच बजावलं.

"बरं," म्हणत डोरीनने आपला सेट चहाच्या ओट्यावर, किटल्यांशेजारी मांडला. कॉम्प्युटर त्याला जोडला. कॅसेटवरून प्रोग्रॅम चढला तशी तिने एकच ओळ टाइप केली: क्लिफर्डच्या टीव्हीवर हे वाक्य वाचता येत नाही, त्याला सांगू नका.

चहाला येणारा प्रत्येक जण ती वाचून फसकन हसायचा आणि तिथेच थबकायचा. दुसरी ओळ लिहा म्हणायचा. रांग हळूहळू दाराबाहेर गेली. रंगीत टीव्हीसमोर एक म्हातारी उरली, आणि ती झोपलेली होती.

अखेर क्लिफर्डलाही तहान लागली. चष्मा काढला, पुसला, नाकावर चढवला, आणि त्याने ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचली. कान लाल झाले.

"एम फारच रोडावलाय," तो म्हणाला.

"पण वाचलीत ना सबंध?"

क्लिफर्डने चहा उगाच ढवळला. "ठीक आहे. आणा तुमचा सेट टेबलावर."

डोरीनने त्याच्या कपात दूध ओतलं.

"मी नाही हलत आता," ती म्हणाली. "टेबल इकडे आणा. आधी त्यावरचं ते रंगीत कपाट उतरवा."

क्लिफर्डने विल्फकडे बघितलं. विल्फने बाह्या वर सारल्या, कपाट उतरवायला हात लावला आणि मग टेबलाचं एक टोक धरलं.