नांगरटीतली दूधवाल्यांची शर्यत

जळकोटच्या जत्रेत कुस्त्यांच्या आधी दूधवाल्यांची शर्यत लागते. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी बिनझाकणाचे लहान कॅन टांगायचे, ते काठोकाठ भरायचे आणि नांगरलेल्या रानातून पलीकडच्या बांधाला वळसा घालून परत यायचं. ज्याच्या कॅनात जास्त उरेल तो जिंकला. कॅनात पाणीच असतं. सांडलेलं दूध बघणं इथं कुणालाच सोसायचं नाही.

यंदा शर्यतीत शिवप्रियाही उतरली होती. तिचे वडील गुंडाप्पा जन्मभर गावोगावचं दूध गाडीवर गोळा करत आले होते. आता कंबर धरली, तसं त्यांनी फेरी पुतण्याला, विरेशला द्यायचं ठरवलं.

"आप्पा, मग मी कशाला हाय?" तिनं विचारलं होतं.

"खड्ड्याखुड्ड्यातनं दूध आणायचं असतंय, बाई. जत्रंत विरेशपेक्षा कमी सांडून दाखव, फेरी तुझी!"

त्या दिवसापासून पोरीनं गाडी सोडली नव्हती. पुढच्या शॉकअपच्या उजव्या नळीतून तेल गळत होतं. तिनं दोन्ही नळ्या उतरवल्या, नवी सीलं बसवली, जुनं तेल काढून दोन्हीकडे सारख्या मापानं नवं भरलं. आता हँडल दाबलं की पुढचा भाग मऊ बसायचा आणि संथपणे वर यायचा.

शर्यतीत एकेकानं सुटायचं होतं, पहिली पाळी विरेशची होती. "शिवप्रिये, बघून शिक गं!" ओरडत तो सुटला. हलगी कडाडली. पहिल्याच सरीवर त्याच्या कॅनातून पाण्याचा फवारा उडाला, दुसरीवर आणखी मोठा.

शिवप्रिया टक लावून बघत होती. पुढचं चाक तर बरं चाललंय, मग उडतंय कुठनं? मागनं! मागचा भाग गोफणीसारखा उसळत होता. रोज मोठे भरलेले कॅन वाहायचे म्हणून सगळे दूधवाले मागची स्प्रिंग शेवटच्या खाचेवर आवळून ठेवतात. ती पुन्हा कुणी ढिली करत नाही. आज कॅन लहान, वजन नाही. स्प्रिंग दबणार कशी?

आणि आपली? तिनं वाकून पाहिलं. शेवटचीच खाच! एवढे दिवस पुढंच मरमर केली आणि मागं ढुंकून पाहिलं नव्हतं.

"शंकरप्पाकाका, थांबा! पाणी भरू नका!" गाडी मोठ्या स्टँडवर चढवून तिनं पाना काढला.

पंच शंकरप्पा भोंग्यावरून गरजले, "हलगी थांबायच्या आत गाडी सुटली न्हाय, तर बाद!"

"आता काय इंजिन खोलतीस व्हय?" गर्दीतून कुणीतरी हाणलं. सगळे हसले.

उजवीकडची स्प्रिंग कुरकुरत ढिली झाली. डावीकडची हलेना. चिखलानं आणि वर्षानुवर्षं गळलेल्या दुधानं ती पार जाम झाली होती. एक बाजू ढिली, एक घट्ट, अशानं तर गाडी लंगडलीच असती. शिवप्रियाच्या तळहाताचं सालटं निघालं.

तेवढ्यात गर्दी सारत गुंडाप्पा आले आणि कण्हत खाली बसले. "सरक. माझ्याच हातानं आवळलीय ही." त्यांनी दगड उचलून पान्याच्या दांड्यावर घातला. एक घाव, दुसरा, आणि खाच सुटली!

विरेश परत आला होता. तो ओरडला, "काका, तुम्ही कुणाच्या बाजूनं हाय?"

"दुधाच्या!"

घाईघाईनं कॅन भरले गेले आणि गाडी सुटली. सरीमागून सरी येत होती. शिवप्रिया फूटरेस्टवर अर्धी उभी राहिली. गाडी खाली बसायची, श्वास घ्यायची, वर यायची. मागं पाणी नुसतं डुचमळत होतं. बांधाच्या वळणावर डावा कॅन कलंडला, पसाभर पाणी गेलं. तिच्या तोंडून शिवी निघाली. पण तिनं गती वाढवली नाही. लोकच वेडे झाले होते. कुणी टोप्या उडवत होतं, कुणी बांधानं सोबत पळत होतं.

शंकरप्पांनी दोघांच्या कॅनात काठी बुडवून पाहिली. तिची काठी विरेशच्या काठीपेक्षा चार बोटं जास्त भिजली होती.

विरेशनं मान खाली घातली, मग हसून तिच्या पाठीत धपाटा घातला. ती मात्र आप्पांकडे बघत होती. हाताची माती धोतराला पुसून त्यांनी खिशातून फोन काढला.

"हॅलो, कोण, कडूबाई? मी गुंडाप्पा. उद्यापासनं आमची शिवप्रिया येईल दुधाला. तेवढं कुत्रं बांधून ठेवा."