वक्तशीर आणि नीटनेटकी

लाइल पेरोनं कागद नेहमीसारखाच पालथा घालून डार्लाच्या टेबलावर ठेवला.

"फक्त स्वल्पविराम बघ," तो म्हणाला. "बाकी या खेपेला माझं मीच जमवलंय."

त्याच्या डोक्यावर कापडी शिंगं होती. हॅलोवीनच्या दिवशी तो दरवर्षी हरीण होऊन यायचा, आणि दोन आठवड्यांनी शिकारीचा मोसम सुरू होणार म्हणून पोरं दरवर्षी तोच विनोद करायची, "सर, पंधरा तारखेला घराबाहेर पडू नका हं!" तोही दरवर्षी नव्यानं हसायचा.

"कसला कागद?"

"हेल्मीचं शिफारसपत्र. उद्या शेवटची तारीख ना?"

डार्लानं हात मागे घेतला. "लाइल, ते मी बघायचं नसतं. आई आहे मी तिची."

"आई नंतर. आधी तू या शाळेतली व्याकरण येणारी एकुलती एक बाई आहेस. मी लिहिलेलं तसंच गेलं तर त्या पोरीला वाटेल, सरांनी सूड उगवला." आणि शिंगं दारात अडकू नयेत म्हणून मान तिरकी करून तो निघूनही गेला.

हेमलॉक बेच्या शाळेत बालवाडीपासून बारावीपर्यंत मिळून एकशे सहा मुलं. त्यांच्या प्रगतिपुस्तकावरचे शेरे, केकविक्रीच्या पाट्या, एवढंच काय, गावात कुणी गेलं तर पेपरात द्यायचा मजकूरसुद्धा डार्ला कांगासच्या लाल पेनाखालून जायचा. लाइलची तर बारा वर्षांतली एक चिठ्ठी तिच्या नजरेतून सुटली नव्हती. आणि आता हा कागद समोर पडला होता आणि त्याला हात लावायचा नव्हता.

विद्यापीठाचा नियम सरळ होता. पत्र मुख्य विषयाच्या शिक्षकाचं हवं आणि तो शिक्षक नात्यातला नको. पुलाखालच्या, म्हणजे मोठ्या पुलापलीकडे दक्षिणेला राहणाऱ्या लोकांना हा नियम सोपा वाटत असेल. मिशिगनचा खालचा भाग म्हणजे त्यांच्याकडे शहरं, शाळाशाळांतून शंभर शिक्षक. इथे वरच्या टोकाला मोठ्या मुलांना शिकवणारी माणसंच तीन. इंग्रजी डार्लाकडे. इतिहास तिच्या दिराकडे, रॉयकडे. गणित आणि विज्ञान लाइलकडे. "या गावात नात्यातलं नसलेलं फक्त टपाल येतं," असं रॉय म्हणायचा, आणि टपाल वाटणारी त्याची चुलतबहीण होती.

म्हणून लाइल. राज्याचं सगळ्यांत मोठं सरकारी विद्यापीठ, पण तिथे दहांतल्या आठांना नकार मिळतो. हेल्मीची गुणपत्रिका पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत उत्तम होती. फक्त तिच्यातले अर्धे गुण आईनं आणि काकांनी दिलेले होते. तिथली मंडळी काही मूर्ख नव्हती. अकरा मुलांच्या वर्गात पहिली आलेली मुलगी नेमकी कोण आहे, हे त्यांना सांगणारं परकं माणूस एकच होतं. त्याचं म्हणणं या पालथ्या कागदावर होतं.

डार्लानं कागद उलटला.

"हेल्मी कांगास ही वक्तशीर विद्यार्थिनी आहे. तिची वही नीटनेटकी असते. सोपवलेलं काम ती पूर्ण करते. सहकाऱ्यांशी तिचं वागणं सौजन्याचं असतं. तिच्याविषयी कधीही तक्रार आलेली नाही. तिला संधी मिळाल्यास ती जबाबदारीनं वागेल याबद्दल मला शंका नाही."

एवढंच. खाली सही.

आधी तिला राग आला. दोन वर्षं रोज पहाटे उठणारी माझी पोर, आणि हा माणूस तिला वक्तशीर म्हणतो? मग तिची नजर 'सहकाऱ्यांशी' या शब्दावर अडकली. वर्गातल्या मुलांना कोण सहकारी म्हणतं? तिनं पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. हे पत्र तिला पाठ होतं. हे तिनंच लिहिलं होतं.

सात वर्षांपूर्वी मार्केटमधल्या मोठ्या शाळेत मुख्याध्यापकाची जागा निघाली होती. मार्केट हे गावाचं नाव; तलावाकाठानं दोन तासांवर. लाइलनं अर्ज केला आणि शिफारशीसाठी डार्लाला विचारलं. हेल्मी तेव्हा दहा वर्षांची होती. स्वयंपाकघराच्या फरशा मोजून तिरप्या रेषेचं गणित करणारी, उत्तर सापडलं की अनवाणी नाचणारी. लाइल गेला असता तर गणित संगणकाच्या पडद्यावरून शिकवणार, हे ठरलेलंच होतं. पडद्यासमोर मान टाकून बसलेली आपली पोर डार्लाला दिसली, आणि तिनं त्या रात्री सहा वाक्यं लिहिली. एकही वाक्य खोटं नव्हतं. त्यांच्या धंद्यातल्या कुणालाही कळतं, की ज्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नसतं त्याच्याबद्दल असं लिहितात. वाईट लिहिलं तर निदान कुणी फोन करून चौकशी करेल. हे पत्र वाचून माणूस कागद बाजूला ठेवतो आणि पुढचा उचलतो.

लाइलला जागा मिळाली नाही. पुढे त्या शाळेच्या कारकूनबाईनं त्याची फाइल सगळ्या कागदांसकट परत पाठवली. तेव्हा तो डार्लाच्या वर्गात येऊन म्हणाला होता, "तुझं पत्र वाचलं. फार छान लिहिलंस गं." तिनं त्याच्याकडे वर न बघता "अरे, काय त्यात" म्हटलं होतं. तिला वाटलं होतं, टोमणा आहे. टोमणा नव्हता. त्या माणसाला खरंच वाटलं होतं, की इंग्रजीच्या बाई लिहितात म्हणजे चांगलं पत्र असंच असतं. आणि आता हेल्मीसाठी चांगल्यात चांगलं पत्र लिहायचं म्हणून त्यानं ते जपून ठेवलेलं बाहेर काढलं होतं.

आपलेच दात, आपलेच ओठ.

तिनं लाल पेन उघडलं. सोपं होतं. लाइल तिची दुरुस्ती कधी तपासत नसे. ती खूण करेल तसं टाइप करून पाठवून द्यायचा. 'तिची वही नीटनेटकी असते' यावर तिनं काट मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, "दोन हिवाळे दर शनिवारी ही मुलगी तलावावर जाऊन बर्फाला भोकं पाडून त्याची जाडी मोजते, आणि गावातले मच्छीमार तिच्या वहीवर विश्वास ठेवून बर्फावर पाऊल टाकतात." वाक्य खरं होतं आणि सुरेख झालं होतं. तिनं ते पुन्हा वाचलं, आणि मग त्यातला प्रत्येक शब्द तिला आपल्या आवाजात ऐकू यायला लागला.

अर्ज भरताना, पत्र बघण्याचा हक्क सोडल्याच्या रकान्यात हेल्मीनं खूण केली, तेव्हा डार्ला तिच्या खुर्चीमागे उभी होती. "नीट विचार कर हं. मग कधीच वाचता येणार नाही," ती म्हणाली होती.

"म्हणूनच," हेल्मी म्हणाली होती. मग मान वळवून, जरा हसत, "आई, घरी तू, शाळेत तू, शाळेत तुला 'बाई' म्हणायचं, निबंध तपासणार तू. हे एक पत्र आहे ज्यात तू नाहीयेस. तेवढं राहू दे ना गं."

तिनं पेनाला टोपण लावलं. दुरुस्ती केली तर ती लबाडी. शिवाय पकडली गेली तर अर्जच बाद. नाही केली तर हे सहा वाक्यांचं पत्र उद्या जाणार, आणि पुलाखालचं कुणीतरी ते वाचून पुढचा कागद उचलणार. आणि पत्र असं का चालणार नाही, हे लाइलला सांगायचं तर आधी दुसरंच काहीतरी सांगावं लागणार. तिनं तिन्ही दारं ढकलून पाहिली. उघडणारं एकच होतं, आणि त्याच्या पलीकडे तो शिंगं घालून बसला होता.

लाइल प्रयोगशाळेत पेस्टी, मांस-बटाट्याची मोठी करंजी, खात होता. त्यानं समोरचं स्टूल पायानं सरकवलं.

"झालं? किती चुका?"

"लाइल, हे पत्र पाठवू नकोस."

"का? एवढे स्वल्पविराम?"

"या पत्रावर तिला घेणार नाहीत."

"अगं, पण काय वाईट लिहिलंय मी? सगळं चांगलंच तर आहे."

डार्लानं श्वास घेतला. इतकी वर्षं मुलांना सांगत आले, वाक्य छोटं ठेवा, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं. "कारण या पत्रावर तुला घेतलं नाही," ती म्हणाली.

तो आधी हसला. त्याला वाटलं, काहीतरी गंमत आहे, आपल्याला उशिरा कळेल. मग त्याचं चावणं थांबलं.

"म्हणजे?"

"म्हणजे असं पत्र लिहिलं, की वाचणाऱ्याला कळतं, याला घेऊ नका. मला माहीत होतं. माहीत असूनच लिहिलं मी."

"का?"

"हेल्मीसाठी. तू गेला असतास तर तिला गणित शिकवायला कुणी उरलं नसतं."

बाहेर बालवाडीच्या मुलांची मिरवणूक निघायची होती. कुणाचा तरी मुकुट हरवल्याचा आकांत भिंतीपलीकडून येत होता. लाइलनं पेस्टी कागदात गुंडाळली, अगदी कोपरे दुमडून, आणि बाजूला ठेवली. मग आपण कोणत्या वेशात बसलोय, हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्यानं डोक्यावरची शिंगं काढली. केस घामानं कपाळाला चिकटले होते.

"मेव्हिसनं ते फ्रिजवर लावलं होतं," तो म्हणाला. मेव्हिस त्याची बायको. "दोन वर्षं. पाहुणे आले की वाचून दाखवायची. तिची बहीण होती मार्केटला, तिला तिच्याजवळ राहायचं होतं. आता बहीणही नाही." शिंगं टेबलावर ठेवत तो म्हणाला, "मला वाटलं मुलाखतीत माझंच काही चुकलं. सात वर्षं मी त्या दिवशीच्या टायचा विचार करतोय, डार्ला. पिवळा घातला होता. म्हटलं, पिवळा नको होता."

त्यानं तिच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं.

"आणि आता तुझ्या पोरीचं अडलं म्हणून सांगतेयस."

"हो."

"नाहीतर?"

"नाहीतर नसतं सांगितलं," ती म्हणाली. आज एवढं तरी खरं बोलायचं होतं.

लाइलनं मान हलवली, फळ्यावर कुणी बरोबर पण न आवडणारं उत्तर लिहिलं की हलवायचा तशी. "मग काय लिहायला हवं होतंस? माझ्याबद्दल. सांग. ऐकू दे."

"लाइल..."

"सांग म्हणतोय ना."

तिनं सुरुवात केली. "ज्या दिवशी बॉयलर बंद पडून वर्ग गारठले, त्या दिवशी सगळ्यांनी मुलांना घरी सोडलं. तू तुझ्या वर्गाला कोट घालून बसवलंस आणि उष्णता खोलीतून कशी निसटते तेच शिकवलंस. मुलं चार वाजेपर्यंत उठली नाहीत." ती थांबली. तो खिडकीकडे बघत होता. "पीटर लाहती नापास होणार म्हणून तू त्याच्या बापाच्या ट्रकखाली झोपून त्याला अपूर्णांक समजावलेस. नट पिळायच्या पान्यांवरची मापं वाचत. आणि आता... एकच मुलगी आहे, तिच्यापुढचं गणित वेळापत्रकात बसत नाही, तर तू रोज पावणेसातला दिवा लावतोस. दोन वर्षं. एक दिवस चुकला नाहीस."

"तीही चुकली नाही," लाइल म्हणाला. "बर्फाच्या वादळात रस्ते बंद होते तेव्हा स्नोशूज घालून आली होती. मीच उशिरा पोचलो. पायरीवर बसून गणित सोडवत होती, हातमोजे काढून."

हे डार्लाला माहीत नव्हतं. त्या दिवशी हेल्मी मैत्रिणीकडे राहिली होती असं तिला वाटत होतं.

तिनं तोंड उघडलं, पण लाइलनं हात वर केला. "पुरे. बाहेर जा आता."

"लाइल, तू..."

"काय लिहीन ते तुला कळणार नाही. मलाही कळलं नसतं, त्या कारकूनबाईनं फाइल परत धाडली नसती तर. जा, डार्ला. आईनं बघायचं नसतं. नियम आहे." लाल खुणा केलेला तो कागद त्यानं तिच्या हातातून घेतला, तिनं वर लिहिलेली ओळ एकदा वाचली, आणि चुरगळून डब्यात टाकला. संगणक पुढे ओढला. ती बाहेर पडली तेव्हा दार त्यानं आतून लावून घेतलं.

ती कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहिली. आत बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मग एका बोटानं दाबलेली एक कळ. मग दुसरी. लाइल दोन बोटांनी टाइप करायचा, हातोडीनं खिळे ठोकल्यासारखा.

तेवढ्यात मिरवणूक वळणावरून आली. सगळ्यांत पुढे तिचा सहा वर्षांचा ओट्टो, बर्फ काढणारा ट्रक झालेला. खोक्याला पुठ्ठ्याचं फावडं चिकटवून, आत जाड कोट, वर पिवळा रंग.

"आई, रस्ता मोकळा कर!" तो ओरडला, आणि तिच्या गुडघ्यावर फावडं आपटलं. तिनं पाय आवरून घेतले. अजून बारा वर्षं याला इथेच शिकायचं होतं. कोण शिकवणार होतं, कुणास ठाऊक.

मुलांना सांभाळत मागून हेल्मी येत होती. तिच्या कडेवर एक रडणारी परी होती, आणि परीचा मुकुट हेल्मीच्याच डोक्यावर. दारापाशी येऊन ती थबकली.

"बाई," ती म्हणाली, आणि मग आजूबाजूला बघून हळूच, "आई, सरांनी पाठवलं का गं?"

"लिहितायत."

हेल्मीनं दाराकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू सावकाश उतरलं. "तू वाचलंस?"

हो म्हणणं आणि नाही म्हणणं, दोन्ही डार्लाच्या जिभेवर तयार होतं.

"पहिलं वाचलं," ती म्हणाली. "आता जे लिहितायत ते नाही."

"पहिलं म्हणजे?"

"सांगेन. घरी गेल्यावर सगळं सांगेन. रागावशील."

हेल्मीनं परीला दुसऱ्या कडेवर घेतलं. ती मिरवणुकीमागे निघाली; चार पावलं गेल्यावर मुकुट डोक्यावरून काढून तिनं परीला घातला.

तासाची घंटा झाली. डार्लाची नववीची मुलं वर्गात वाट बघत असणार. आतला आवाज थांबला होता. तिनं कान दाराला लावला नाही, पण पाऊलही उचललं नाही. सहा वाक्यांना केव्हाच पुरला असता इतका वेळ गेला होता. मग आतून पुन्हा एक कळ वाजली, आणि तिच्यामागून, जरा वेगानं, दुसरी.