दार नसलेलं घर

नकाशा कचेरीनं मला चार शब्द दिले होते: घर, गोठा, कोठार, पडकं. नारीनच्या डोंगरात जे बांधकाम दिसेल त्याला यातला एक चिकटवायचा आणि पुढं निघायचं. दार नाही ते पडकं, हा नियम. मी मुळात तापट, त्यात आठवडाभर घोड्यावर बसून पाठीचा भुगा झालेला. खोऱ्याच्या टोकाला मातीच्या भिंती दिसल्या, दाराच्या जागी नुसतं भगदाड. ‘पडकं’ लिहून मी घोडा वळवला, तोच वरून एक म्हातारी, उमसुनाई आपा, घोडी दौडवत आली.

“काय लिहिलंस?”

“पडकं, आपा.”

“डोळे गहाण टाकलेस की काय? आमचं हिवाळी घर आहे हे. बर्फ पडलं की आम्ही इथंच असतो.”

“मग दार कुठंय?”

“वर, कुरणावर. इथं ठेवलं तर कुणीतरी चुलीत घालतं. वर त्याच्यावर पीठ तरी मळता येतं. दोन-दोन दारं करायला इथं झाडं आहेत का?”

मला हसू आलं आणि स्वतःचा रागही आला. माझी आईसुद्धा उन्हाळ्यात दार उतरवून घोड्यावर लादायची. कचेरीत बसून बसून मी ते साफ विसरलो होतो.

तरी तोंडातून गेलंच, “नियम आहे, आपा. कागदावरच्या एका शब्दानं काय बिघडतंय?”

उमसुनाई आपा घोडीवरून उतरली. “बर्फ काढायचं यंत्र नकाशात घर असेल तिथवरच येतं. जुन्या नकाशात आम्ही नव्हतोच. दोन हिवाळ्यांमागं ते फाट्यावरूनच परत गेलं. माझ्या आजारी नवऱ्याला घसरगाडीवर घालून नेलं, फाट्यापर्यंतही पोचला नाही तो. आता जानेवारीत सुनेचे दिवस भरतायत.”

साहेब माझी सालटी काढणार हे ठाऊक होतं. मी ‘पडकं’ खोडलं आणि ‘घर’ लिहिलं. पुढचा रकाना माणसांचा होता.

“राहतं कोण कोण?”

“मी, मुलगा, सून.”

मी तीनचा आकडा काढायला लागलो, तर तिनं माझं मनगट धरलं.

“चार लिही. जानेवारीत काय तू बर्फातून मोजायला येणार आहेस?”

मी चार लिहिले.