चुन्याची दोन बोटं

"प्रियदर्शिनी, गो, तो चुना माझा हाय."

श्रीपतकाका माझ्या टेबलासमोर उभे. हेल्मेट काखेत, चेहरा उतरलेला. मी हॅम्बुर्गच्या तक्रारीला उत्तर लिहीत होते आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं.

"कुठला चुना, काका?"

"ड्रमवरचा. दोन बोटं. मीच लावतो."

घ्या! तीन दिवस अख्खा कारखाना ज्याला शोधत होता, तो आपल्या पायांनी चालत आला होता.

बिरवाडीजवळ आमचा रसायनांचा कारखाना. मी निर्यातीची कागदपत्रं बघते. काका एकवीस वर्षं ड्रम भरतात. गेल्या वर्षी हॅम्बुर्गच्या एका कंपनीनं चीनचा माल बंद करून आम्हाला ऑर्डर दिली, तेव्हापासून मॅनेजरसाहेबांचे पाय जमिनीवर नव्हते. "आता जग भारताकडे बघतंय," हे त्यांनी कॅन्टीनमध्येसुद्धा ऐकवलं. जगानं बघितलं खरं. त्याला दिसले चार गळके ड्रम, आणि बाकी बहुतेकांच्या झाकणांवर पांढरे डाग. तिकडे तपासणीत ते डाग चुन्याचे निघाले. कारण कळेपर्यंत पुढचा माल नको, असं पत्र आलं. आमच्याकडे चुना वापरतो फक्त सांडपाणी विभाग. झालं! शेवटी साहेबांनी ठरवून टाकलं: तिथल्या अश्विनचा निष्काळजीपणा, उद्यापासून अश्विन घरी.

"पण काका, लावायचा कशाला?"

"ड्रम भरला का आडवा करतो. खाली पेपर घालतो. चहा होईस्तवर पेपर कोरडा राह्यला, तर दोन बोटं. आमची आय भाताची कणगी लिंपून झाली का अशीच चुन्याची बोटं उठवायची. म्हंजे हात फिरलाय, बघून झालंय." त्यांनी खिशातून चुन्याची डबी काढून टेबलावर ठेवली. "तंबाखू कधीच सोडली गो. डबी तेवढी ऱ्हायली."

मला असा राग आला! एकवीस वर्षांत कोणाला सांगायला काय झालं होतं?

"तुम्हाला काढतील, काका. दहा महिने राहिलेत रिटायर व्हायला."

"माझे दहाच ऱ्हायलेत. अश्विनची अख्खी नोकरी जायाची हाय. चल, सायबांना सांगू."

साहेब ऐकता ऐकता लाल झाले. "निर्यातीच्या मालावर तंबाखूचा चुना? जग देशाकडे बघतंय आणि तुम्ही..."

"देशाकडं बघू दे ना, सायेब," काका कळवळून म्हणाले. "माझ्या बोटांकडं कशाला बघाया हवं?"

ते अगदी मनापासून बोलले होते. मी ओठ दाबून खिडकीबाहेर बघितलं. साहेबांनी मात्र फर्मान काढलं: तीन वाजता हॅम्बुर्गच्या बाई व्हिडिओ कॉलवर येतील, काकांनी त्यांची माफी मागायची, आणि मग घरी जायचं.

तीनला बाई पडद्यावर आल्या. आखूड केस, चष्मा, चेहऱ्यावर हसू नाही. काकांनी हात जोडले. मी सगळं इंग्रजीत सांगितलं. पेपर, चहा, कणगी, आई. कणगी सांगताना तर माझी पुरती दमछाक झाली. साहेब मधेच घाईघाईनं म्हणाले, की या माणसाला आम्ही आजच काढतोय.

बाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं. काहीतरी शोधलं, आणि चार फोटो पडद्यावर लावले.

"हे गळलेले चार," त्या म्हणाल्या. "यांच्यावर ती खूण कुठे आहे?"

चारही झाकणं कोरी होती.

मी भरणीचं रजिस्टर ओढलं, ड्रमचे नंबर लावून बघितले. चारही एकाच दिवशी भरलेले. वीस मार्च.

"काका, वीस मार्चला तुम्ही कुठे होता?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला वेडच लागलंय. "तळ्यावर. दुसरीकडं कुटं असनार?"

खरंच की! महाडात जन्म काढून मी हे विचारत होते. वीस मार्च म्हणजे सत्याग्रहाचा दिवस; चवदार तळ्यावर जायला काका दरवर्षी त्या दिवशी रजा टाकतात. त्या दिवशी ड्रम दुसऱ्यांनी भरले, आणि पेपर घालायची आठवण कोणाला झाली नाही.

मी बाईंना सांगितलं. त्या पहिल्यांदा हसल्या. माल येऊ द्या, म्हणाल्या. प्रत्येक ड्रम यांच्याच पद्धतीनं तपासा. फक्त चुना नको, स्टिकर लावा.

"हे आमचे सर्वांत अनुभवी कामगार," साहेब म्हणाले. धन्य तो माणूस!

अश्विन राहिला. काका राहिले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

पुढच्या सोमवारी हिरवे स्टिकर आले, त्यावर इंग्रजी अक्षरं. डबी आता गेटवर वॉचमनकडे राहणार होती. काकांनी तीन पोरांना पेपर कसा घालायचा ते दाखवलं. चहा झाला. पहिल्या ड्रमखालचा पेपर कोरडा निघाला. त्यांनी झाकण पुसलं, स्टिकर लावला आणि त्यावर दोन बोटं दाबून धरली.

मग बोटं उचलून बघितली. स्वच्छ होती. त्यांनी ती पँटला पुसली आणि पुढचा ड्रम ओढला.