गीतकार अज्ञात

एलरॉयला जाऊन महिना झाला, त्याच्या चर्चमधल्या मिस्सेनंतर बहरीनमधल्या सनद भागातल्या हॉलमध्ये चहा-सँडविच झालं आणि डिलनच्या बँडमधल्या पोरांनी गिटारी काढल्या. आज तरी पोरं एलरॉयचं नाव घेतील, एवढीच ग्रेगरीची आशा होती.

हॉस्पिटलच्या स्टोअरमधला ग्रेगरी आणि हॉटेलच्या किचनमधला एलरॉय, दोघांनी मिळून वीस वर्षं 'खाडीपार' नावाचा बँड चालवला. सुरुवात अमेरिकन कंट्री गाण्यांनी झाली. पण घोडे आणि कुरणं यांच्याशी वसईच्या माणसाचं काय देणंघेणं? मग एलरॉयने विमानतळावरच्या निरोपाची, न मिळालेल्या रजेची, वाडीतल्या रहाटाची गाणी रचली. चाल कंट्रीची, बोली घरची, गिटार मुद्दाम जरा खरखरीत. लोक आधी हसले, मग रडले. आता रिफापासून बुसैतीनपर्यंत वसईकरांकडे लग्न असो की कम्युनियन, तीच गाणी.

डिलन माइकवर म्हणाला, "नेक्स्ट सॉन्ग, आपल्या वसईचं ट्रॅडिशनल. रायटर अननोन."

पहिल्या रांगेत एलरॉयची बायको टेरेसा बसली होती. तिने मान खाली घातली. ग्रेगरी तरातरा पुढे गेला.

"अरे बाबा, हे एलरॉयचं आहे! त्याची आई वारली, कंपनीने लीव्ह दिली नाही, तेव्हा लिहिलंय त्याने."

"सॉरी अंकल." डिलनने अदबीने मोबाइल पुढे धरला. "बट ऑनलाइन असंच आहे. बारा वर्षांपूर्वीचं अपलोड. बघा ना."

ग्रेगरीने बघितलं नाही. बघायचं काय? ते त्यानेच टाकलं होतं. नोकरीबाहेर बँड वाजवतो हे कंपनीला कळलं तर व्हिसा जाईल, या धास्तीने या शूर गड्याने बँडचं, दोघांचं, सगळ्यांचंच नाव गाळलं आणि 'पारंपरिक' असं ठोकून दिलं. आजारपणात एलरॉय दोनदा म्हणाला होता, "ग्रेग, आता मला कसला व्हिसा? माझं नाव टाक." पण ग्रेगरीच्या स्वतःच्या व्हिसाची दोन वर्षं उरली होती. "टाकतो रे, इंशाल्ला," तो म्हणाला होता.

"पण असं लिहिलं कोणी?" टेरेसाने विचारलं.

सगळा हॉल ग्रेगरीकडे बघत होता. खरं सांगायला याहून चांगली वेळ आयुष्यात येणार नव्हती.

"मला काय ठाऊक," तो म्हणाला.

टेरेसाने डोळे पुसले आणि डिलनकडे वळली. "म्हण रे बाबा. ट्रॅडिशनल तर ट्रॅडिशनल."